विश्लेषण : क्यूआर कोड दारात, पण मागची बँक तयार आहे का?

खामगाव, मेहकर, शेगावच्या बाजारात क्यूआर कोडची पाटी आता नवी राहिलेली नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. मात्र बुलढाणा जिल्ह्यात सर्वसामान्यांचा बराच पैसा सहकारी बँका आणि पतसंस्थांमधून फिरतो. तिथे प्रश्न पाटीचा नाही, पाटीमागच्या बँकेचा आहे.

पतसंस्थेतले पैसे फोनवरून का देता येत नाहीत?

यूपीआय ही प्रामुख्याने एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात पैसे पाठवण्याची व्यवस्था आहे. ती ‘एनपीसीआय’ ही संस्था चालवते. पतसंस्था बँक नसते, त्यामुळे तिथले बचत खाते यूपीआय अॅपला थेट जोडता येत नाही. मोठा विस्तार असलेली ‘बुलढाणा अर्बन’ही बँक नव्हे, पतसंस्थाच आहे. पीएम-किसानचा हप्ता मात्र आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतो. त्यामुळे बचत एकीकडे, अनुदान दुसरीकडे आणि पीककर्ज तिसरीकडे, अशी शेतकऱ्याची विभागणी होते.

लहान बँकांची अडचण काय?

स्वतःची संगणक यंत्रणा उभारणे अनेक लहान बँकांना परवडत नाही. त्या बाहेरच्या तंत्रज्ञान कंपनीवर अवलंबून असतात. जुलै २०२४ च्या अखेरीस ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या अशाच कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला देयक व्यवस्थेपासून तोडावे लागले. देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांना त्याची झळ बसली. चूक ग्राहकाची नव्हती, पण व्यवहार त्याचा अडला.

बँकच अडली तर?

याचा अनुभव जिल्ह्याने घेतला आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला १०,००० रुपयांपर्यंतच रक्कम काढता येणार होती. जुलै २०२३ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. अशा वेळी फोनमधले अॅप कितीही चांगले असले तरी उपयोग नसतो. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही.

मग काय व्हायला हवे?

डिजिटल व्यवहारांचे यश किती क्यूआर कोड वाटले यावर मोजणे थांबवायला हवे. किती व्यवहार फसले, अडकलेले पैसे किती दिवसांत परत आले, हे प्रत्येक बँकेने शाखेत लावावे. यूपीआयचा फसलेला व्यवहार ठरलेल्या मुदतीत उलटला नाही, तर रोज १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच केला आहे. ही भरपाई ग्राहकाने न मागता खात्यात जमा व्हायला हवी. सहकारी बँकांनी इमारतींइतकाच खर्च सायबर सुरक्षेवर करावा. एकट्याला जमत नसेल तर एकत्र येऊन करावा.

ग्राहकानेही सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये. फसवणूक झाल्यास तातडीने १९३० वर फोन करून बँकेलाही कळवावे. सोयाबीन-कापूस विकून आलेला पैसा गरजेच्या दिवशी हाती पडला, तरच हे व्यवहार खऱ्या अर्थाने डिजिटल झाले म्हणायचे.