शब्बाथ शाळेच्या बाईंवर अजून किती ओझं टाकणार?

पोस्ट मोठी आहे आणि काहींना झोंबणार आहे. नगर जिल्ह्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांबद्दल लिहितोय, पण इतर धर्मातल्या मित्रांनीही वाचायला हरकत नाही. थोड्याफार फरकानं दुखणं सगळीकडे तेच असावं.

"पोरं चर्चला येत नाहीत हो. पाळकसाहेब, काहीतरी करा." हे वाक्य मी मंडळीच्या सभेत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, कब्रस्तानातून परतताना ऐकलंय. बोलणारे सगळे आईबाप असतात. मग कुणीतरी सुचवतं, युवकांसाठी बँड काढू. दुसरा म्हणतो, पुण्याहून चांगला वक्ता आणू. तिसरा म्हणतो, शब्बाथ शाळेच्या बाईंना नीट शिकवता येत नाही, त्यांना बदला. "तुमच्या घरात शेवटची प्रार्थना कधी झाली?" असं मात्र कुणीच कुणाला विचारत नाही. विचारलं तर सभा तिथंच आटोपेल.

साधा हिशेब करू. आठवड्याचे तास 168. शब्बाथ शाळेचा एक. त्यातही हजेरी, एक-दोन गाणी, उशिरा आलेल्यांची बसायची व्यवस्था आणि शेवटी बिस्किटं. उरलेल्या 167 तासांत पोरगं शाळेत असतं, क्लासला असतं, मोबाईलवर असतं आणि तुमच्याजवळ असतं. गणिताच्या मार्कांसाठी आपण दोन-दोन क्लास लावतो. विश्वासासाठी आठवड्याला एक तास, तोही फुकटचा. आणि तो घेणारी बाई सोमवार ते शनिवार नोकरी करून, घरचं आवरून रविवारी सकाळी उभी राहते. तिनं तुमच्या पोराला ख्रिस्त द्यायचा, आणि नाही जमलं तर तिलाच बदलायचं?

संडे स्कूलचा इतिहास बघा. 1780 च्या सुमारास इंग्लंडात ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स या माणसानं गरिबांच्या पोरांसाठी अशी शाळा चालवली आणि तिथून ती चळवळ पसरली. रेक्स पेशानं पत्रकार, वर्तमानपत्र चालवायचा, म्हणून मला त्याचं जरा जास्तच कौतुक. ही पोरं आठवडाभर कामावर राबायची, सुट्टी फक्त रविवारची. त्या एका दिवसात त्यांना वाचायला शिकवायचं, बायबल शिकवायचं. घरी शिकवायची सोय नव्हती अशांसाठी ती सोय होती. आज आपल्या घरात बाप ग्रॅज्युएट, आई डी.एड., आणि पोराला प्रभूची प्रार्थना शिकवायचं काम मात्र दुसऱ्याचं.

पवित्र शास्त्रात ही जबाबदारी कुणावर टाकलीय, तेही बघा. अनुवादाचा सहावा अध्याय काढा. घरात बसलेले असताना, वाटेनं चालताना, झोपताना, उठताना मुलांशी या वचनांविषयी बोला, असं तिथं आईबापांना सांगितलंय. तीमथ्याचा विश्वास कुठून आला? पौल त्याच्या आजीचं, लोईसचं नाव घेतो, आई युनीकेचं घेतो. ल्यूथरनं 1529 मध्ये लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तीही घरच्या कर्त्यानं आपल्या माणसांना शिकवावी म्हणून. कर्ता म्हणजे बाप. आपल्याकडे बाप चर्चच्या पायरीवर उभं राहून प्रॉपर्टीच्या केसवर तासभर बोलू शकतो, पण जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना करायला सांगा, लगेच बायकोकडे बघतो.

हे सगळं आपल्याकडे कधी नव्हतंच असंही नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 मध्ये सुरू झालं, 1842 मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघालं. पुढे ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या स्वतःच्या चालीतली गीतं दिली. ती चर्चपुरती राहिली नाहीत. संध्याकाळी घराघरांत पेटी निघायची, झांज निघायची. सहीपुरती अक्षरं येणाऱ्या आज्यांना 'उपासना संगीत'मधली कितीतरी गीतं तोंडपाठ होती. त्यांना ईश्वरविज्ञानातलं काही कळत नव्हतं. पण कुणाच्या घरी मरण आलं तर काय गायचं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

मध्यंतरी अशाच एका दुःखाच्या घरी गेलो होतो. आजोबा गेले होते. कुणीतरी नातवंडांना म्हणालं, "बाळांनो, आजोबांचं आवडतं गीत म्हणा." चौघं होती, सगळी शिकलेली. पुस्तक हातात दिलं तर देवनागरी अडखळत वाचेनात. शेवटी एकानं मोबाईलवर इंग्रजी गाणं लावलं आणि सगळे मान खाली घालून उभे राहिले. दोष पोरांचा नव्हताच. त्यांना इंग्रजी माध्यमात घातलं, ठीक आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण घरात रोज दहा ओळी मराठी बायबल मोठ्यानं वाचायला कुठल्या शाळेनं बंदी घातली होती?

आता एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. "आम्ही पोरांवर धर्म लादत नाही, मोठी झाली की ठरवतील." लादू नयेच. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. त्या आल्या त्या स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी. 'स्मृतिचित्रे' वाचा, सगळं तिथं आहे. पण त्यांच्यासमोर निवडायला काहीतरी होतं. रोज दिसणारा, भांडणारा, चुकणारा, पण मनापासून विश्वास ठेवणारा माणूस समोर होता. तुमच्या पोरासमोर काय आहे? नाताळचे नवे कपडे आणि करंज्या? त्यातून ते काय ठरवणार?

आणि जिथं प्रार्थना होते, तिथंही सगळं आलबेल नाही. सकाळी गुडघे टेकायचे आणि दुपारी कामवाल्या मावशींचा खाडा कापायचा. पोरं हे बघतात. चर्चमधून घरी येईपर्यंत रस्ताभर पाळकांची टिंगल करायची, तीही ऐकतात. मग सोळाव्या वर्षी ते पोरगं म्हणतं, "मला नाही यायचं," तेव्हा धक्का कशाचा बसतो?

पाळकांनाही सोडत नाही. घरभेट म्हणजे चहा, एक स्तोत्र आणि वर्गणीची आठवण, असं झालंय. तुम्ही प्रार्थना करता तेव्हा त्या घरातला बाप डोळे मिटून मोकळा होतो. एकदा त्यालाच म्हणा, "आज तुम्ही करा, मी ऐकतो." अडखळेल, घामाघूम होईल, "हे प्रभू" म्हणून दोन मिनिटं गप्प बसेल. बसू द्या. पोरं बघत असतील.

आता नव्या वर्षाचं बजेट सगळ्याच मंडळ्यांत ठरेल. साउंड सिस्टीम, रंगकाम, स्टेजचं डेकोरेशन हे येईलच. माझी एक सूचना लेखी देतोय, कमिटीनं इतिवृत्तात घ्यावी: ज्या घरात नाही त्या प्रत्येक घराला एक मराठी बायबल आणि एक 'उपासना संगीत'. खर्च स्पीकरच्या एका जोडीपेक्षा जास्त होईल असं वाटत नाही. आणि पुस्तकं वाटताना ती पोराच्या हातात देऊ नका, बापाच्या हातात द्या.