चोराला सोडून संन्याशाला सुळी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या लासूर स्टेशनच्या आडत दुकानांतून नव्या वहीला हळदकुंकू वाहिले जाते. त्या वहीचा एक नियम शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. कर्ज कोणीही फेडावे. बापाचे मुलाने, मित्राचे मित्राने. रुपये हातात पडले की सावकार नावावर रेघ ओढतो. पण फौजदारी कोर्टात हा नियम चालत नाही. एकाने खून केला आणि त्याचा भाऊ "त्याच्याऐवजी मला फाशी द्या" म्हणत पुढे आला, तर न्यायाधीश त्या भावाच्या मायेचे कौतुक करील. दोर मात्र त्याच्या गळ्यात घालणार नाही. घातलाच, तर आपण म्हणू, चोराला सोडून संन्याशाला सुळी!

हा साधा भेद ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एका मोठ्या सिद्धांताने पुसून टाकला आहे, असा माझा आरोप आहे. मनुष्य पापी, देव न्यायी. पापाला शिक्षा झालीच पाहिजे. ती निरपराध ख्रिस्ताने क्रूसावर भोगली. म्हणून देवाचा न्यायही राहिला आणि आपणही सुटलो. मराठी ख्रिस्ती लेखक याला 'प्रायश्चित्त' म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा. पण आपल्या धर्मशास्त्रांत ज्याचे पाप त्यानेच ते घ्यावयाचे असते.

हा सिद्धांत आरंभापासून याच रूपात होता, असेही नाही. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास पापाकडे देवाच्या मानाचे ऋण म्हणून पाहिले. मानाची भरपाई व्हावी, शिक्षेची गरज पडू नये, असा त्याचा रोख होता. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन आला. तो कायदा शिकलेला. त्याच्या हाती दिवाणी दाव्याचा फौजदारी खटला झाला. त्यावर १५९४ साली छापलेल्या ग्रंथात फाउस्तो सोझ्झिनी या इटालियन पंडिताने बिनतोड सवाल टाकला. वसुली झाली असेल तर क्षमा कसली? आणि क्षमा केली असेल तर वसुली कसली? जामिनाकडून पै न् पै घेऊन मग कुळाला "जा, तुला सोडले" म्हणणाऱ्या सावकाराला आपण दयाळू म्हणू काय?

यावर उत्तर येते की, ख्रिस्ताने हे स्वखुशीने सोसले. शिवाय तो देवाहून निराळा नव्हेच. न्यायाधीशच आसनावरून उतरून शिक्षा भोगतो आहे. या उत्तरातील प्रेमापुढे मी मान लववितो. पण प्रेम मोठे म्हणून निरपराध्याची शिक्षा न्याय्य ठरत नाही. समोरचा माणूस निर्दोष आहे हे जाणून त्याला वधस्तंभाकडे धाडणारा न्यायाधीश शुभवर्तमानांत आहे. त्याचे नाव पिलात. पिलाताने केले तोच देवाचा न्याय म्हणावयाचे, तर देवाला पिलाताच्या खुर्चीत बसवावे लागेल.

आणि त्या खून झालेल्या माणसाच्या विधवेचे काय? या सिद्धांतात देव आणि पापी यांचा हिशेब परस्पर मिटतो. जिचे कुंकू पुसले गेले ती दाराबाहेरच उभी राहते. माझा खरा राग आहे तो येथे.

हे वाचून हिंदू वाचकांनी खूश होण्याचे कारण नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहा प्याली, म्हणून केवढे ग्रामण्य माजले! न्यायमूर्ती रानड्यांसारख्याला १८९२ साली त्यापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या चहाने कोणाचे काय बिघडले होते? आणि ज्यांना विटाळाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावरून हाकलले, त्यांच्यापुढे जाऊन प्रायश्चित्त घ्यावे, हे त्या शास्त्र्यांना सुचले नाही. तिकडे गुन्हेगाराला वगळून प्रायश्चित्त, इकडे गुन्ह्यावाचून प्रायश्चित्त. गांजलेला दोन्हीकडे वाऱ्यावर.

बायबलच माझ्या बाजूने साक्ष देते. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, तेव्हा त्याच्या घरी तारण आल्याचे येशूने सांगितले. उधळ्या मुलाच्या बापाने आधी दुसऱ्या कोणाला चाबकाने फोडून मग मुलाला मिठी मारली नाही. आणि भावाचे मन दुखावले असेल, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे.

पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी क्रूसाद्वारे मिळणाऱ्या तारणाची साक्ष दिली, हे मी झाकून ठेवीत नाही. पण त्यांना पहिल्याने ओढून घेतले ते फुलहॅम येथील आश्रमाने. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे भगिनी मायेने उभे करीत होत्या. तसेच 'कृपासदन' बाईंनी पुढे केडगावला उभारले. मोडलेले आयुष्य हाताने सांधणे, हे प्रायश्चित्त मला समजते. क्रूसाचा अर्थही मी असाच लावतो: तेथे देव अन्याय करणाऱ्याचा वकील नव्हे, अन्याय सोसणाऱ्याचा सोबती आहे.

तेव्हा वाचकहो, उसन्या पुण्यावर कोणी विसंबू नये. ते क्रूसाचे असो की गंगास्नानाचे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तरी गोड बोलून बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ गावोगाव आहेत. भाऊबीजेला ते पाटावर बसतील, ताटात नोट टाकतील. त्यांनी नोट खिशातच ठेवावी आणि आधी बहिणीचा वाटा तिच्या नावे करून द्यावा.