रिकाम्या खणाची मुखत्यारी

वऱ्हाडातील जे संगीत तिकिटावाचून ऐकले जाते आणि ज्याला श्रोत्यांची वाण कधी पडत नाही, त्या संगीताचा भार आज कोणत्या वाद्यावर आहे हे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणाऱ्या कावडी असोत, १४ एप्रिलला चौकाचौकांत उभे राहणारे भीमगीतांचे मंच असोत, अमरावतीची गणेशमंडळे असोत, की वरातीपुढे चालणारी धुमाल पार्टी असो, ऑक्टोपॅडच्या शेजारी लोखंडी स्टँडवर एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड बहुधा मांडलेला असतोच. त्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याला ‘कॅसिओ’ म्हणण्याचा प्रघात आहे. पेटी, क्लॅरिओनेट, सनई, बासरी अशा चार-पाच वादकांचे काम तो एकटा करतो, आणि वादकाच्या घरी तो पुष्कळदा कर्जाऊ रकमेने किंवा एका हंगामाच्या बिदागीच्या भरवशावर येतो. म्हणूनच या वाद्याची विस्तारक्षमता, म्हणजे खरेदीनंतर त्यात भर घालण्याची सोय, हा विषय मी हौशी लोकांच्या चैनीचा समजत नाही. ज्याला दर तीन वर्षांनी नवे वाद्य घेणे परवडणारे नाही, त्याच्या दृष्टीने तो उपजीविकेचा प्रश्न आहे.

खालचा मजला पुरा झाला तरी खांबांच्या सळया वर मोकळ्या ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ऐपत वाढली की वरचा मजला चढवावा, ही त्यामागील दृष्टी. आधुनिक सिंथेसायझरही अशाच सळया ठेवून विकले जातात. परंतु वरचा मजला बांधण्याची मुखत्यारी कोणाकडे, कारखानदाराकडे की वादकाकडे, या प्रश्नाचे उत्तर काळाच्या ओघात अनेकदा बदलले आहे, आणि खरेदीच्या वेळी तोच प्रश्न सहसा विचारला जात नाही.

मुळात सिंथेसायझरचा जन्मच सुट्या भागांच्या रूपाने झाला. १९६४ साली रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्याने अमेरिकेत जी यंत्रणा सिद्ध केली, तिच्यात स्वर उत्पन्न करणारा भाग निराळा, त्या स्वराची तीक्ष्णता गाळणारा निराळा, नादाचा उठाव आणि विलय ठरविणारा निराळा, आणि हे सारे वादकाने आपल्या मनाप्रमाणे वायरींनी जोडावयाचे, अशी योजना होती. त्याच जातीचा एक संच १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने तो तेथे उभा करून दिला, आणि त्यावर आपल्या देशातील मंडळींनी केलेले प्रयोग टेपांवर कित्येक दशके अज्ञातवासात राहून अलीकडेच रसिकांपर्यंत पोचले. अशा यंत्राला पूर्णत्व असे नसतेच. पैका मिळेल तसा एकेक भाग आणावा आणि जोडीत जावे. मात्र मंचावर दोन गाण्यांच्या मध्ये वीस वायरी बदलणे मनुष्याच्या हातचे नाही, म्हणून १९७० मध्ये मिनीमूग आला आणि त्याने सर्व जोडण्या पेटीच्या आत कायमच्या बंदिस्त केल्या. सोय झाली, मोकळीक गेली. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील डीटर डोप्फर यांनी १२८.५ मिलिमीटर उंचीच्या दर्शनी पाट्यांचे एक माप रूढ केले, आणि त्या मापाने शेकडो लहान कारागीर आज एकमेकांच्या यंत्रांत बसतील असे भाग तयार करतात. हे विश्व मोहक आहे खरे. पण ते महाग आहे, आणि परतवाड्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या वादकाला त्याचा उपयोग थोडा, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही.

आपल्या वादकाला ज्याने खरोखर हात दिला तो करार १९८३चा. त्या वर्षी अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिडी नावाची एक सामाईक भाषा मान्य केली आणि पाच पिनांच्या एका सॉकेटातून कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या ध्वनियंत्राला हुकूम देऊ लागला. आपण कोणती पट्टी, केव्हा आणि किती जोराने दाबली एवढाच मजकूर त्या वायरीतून जातो. नाद जात नाही. बोटांखालचे वाद्य जुने राहिले तरी त्यामागचा नाद नवा करता येतो ही सोय त्या एका सॉकेटाने दिली, आणि चाळीस वर्षे उलटल्यावरही तिची मुदत संपलेली नाही. जुना कीबोर्ड भंगारात देण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे ते सॉकेट आहे काय हे अवश्य पाहावे.

१९९०च्या दशकात रिकामे खण आले. रोलँडच्या जेव्ही-१०८० या यंत्रात आणि पुढे एक्सपी-८० या कीबोर्डात चार खण असत, आणि त्यांत कंपनीचीच विस्तारपत्रे बसवावयाची; यामाहाच्या नंतरच्या मोटिफमध्ये तीन असत. रोलँडच्या प्रत्येक पत्रावर आठ मेगाबाइट नाद कोरलेले असत, आणि चौदाव्या क्रमांकाचे पत्र तर आशियातील वाद्यांनाच वाहिलेले होते. परंतु त्या पत्रावरचा मजकूर कायमचा होता. कोणते वाद्य आशियाचे प्रतिनिधी म्हणून घ्यावे आणि कोणते वगळावे हे जपानमध्ये ठरत असे, आणि विकत घेणाऱ्याला त्यात एका टिपरीचीही भर घालण्याची मुभा नव्हती. खण आपल्या यंत्रात, त्याची वहिवाट मात्र परक्याची.

ही अवस्था बदलली ती स्मृतीत बाहेरचा नाद भरून घेणारे कीबोर्ड स्वस्त झाले तेव्हा. भारतीय नाद घेऊन आलेला आणि आपल्या बाजारात ज्याने घट्ट पाय रोवले तो रोलँडचा एक्सपीएस-१० हा चार किलोंच्या आसपासचा, बॅटरीवर चालणारा कीबोर्ड ‘विस्तारक्षम’ याच विशेषणाने विकला गेला. त्यात, आणि त्याच्या नंतरच्या एक्सपीएस-३० मध्येही, वादकाला स्वतःचा ध्वनिमुद्रित नाद पेनड्राइव्हवरून आत घेऊन पट्टीवर बसविता येतो. माझ्या मते आपल्या प्रांतापुरती या शतकातील सर्वांत मोलाची सोय हीच आहे. वादक तिचा उपयोग कशासाठी करतात, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

बहुतेक जण तो तयार माल भरण्यासाठी करतात. कोणीतरी कोठून तरी उतरवून घेतलेले टोन पेनड्राइव्हवर हस्ते परहस्ते फिरतात, आणि मग अकोल्याच्या मिरवणुकीतील सनई व दूर कोल्हापुराकडच्या मिरवणुकीतील सनई यांत तिळाएवढाही भेद उरत नाही. दोष वादकाचा नाही. उद्या कार्यक्रम असतो आणि यजमानाला चित्रपटातला नाद हुबेहूब हवा असतो. तरीही अमरावती हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा जिल्हा; यावलीस जन्मलेल्या आणि मोझरीस गुरुकुंज उभारणाऱ्या त्या पुरुषाने १९५५ मध्ये जपानपर्यंत आपले भजन नेले; आणि त्याच जिल्ह्यातील भजनी मंडळाचा कीबोर्ड जपानहून आलेल्या साच्यातील डफली वाजवितो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

दर्यापूरकडचा एक तरुण वादक या बाबतीत काय करीत होता ते मी जवळून पाहिले आहे. नातलगांपैकी एका वृद्ध भजनकऱ्याला त्याने एका खोलीत बसविले, भिंतींचा घुमारा मारण्यासाठी दोरीवर गोधड्या टाकल्या, पंखा बंद केला, आणि मोबाइल हातभर अंतरावर ठेवून त्या खंजिरीचे चार आघात वेगवेगळे मुद्रित केले: तळव्याची मोकळी थाप, बोटांनी काठावर घेतलेली थाप, कातडे दाबून काढलेला बसका नाद, आणि नुसत्या झांजांचा झणत्कार. प्रत्येक आघात हलका, मध्यम आणि जोरकस, असा तीनदा. मग एकेका तुकड्याच्या आरंभीची शांतता त्याने इतक्या काटेकोरपणे छाटली की पट्टी दाबताक्षणी थाप पडावी. कारण तेथे डोळ्याची पापणी लवण्याइतकी उसंत राहिली तरी ठेका मागे ओढल्यासारखा होतो. अर्ध्या सेकंदाचा एक, असे बारा तुकडे म्हणजे अवघे सहा सेकंद. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट या हिशेबाने ही संपूर्ण खंजिरी अर्ध्या मेगाबाइटमध्ये मावली. एके काळी घसघशीत दाम मोजून घेतलेल्या त्या आठ मेगाबाइटच्या पत्रात अशा पंधरा-सोळा खंजिऱ्या राहिल्या असत्या. बासरी किंवा सनई भरावयाची तर काम वाढते, कारण एकच मुद्रण सप्तकभर ताणले तर वरच्या पट्ट्यांवर ते बालकाच्या आवाजासारखे किरटे आणि खालच्या पट्ट्यांवर घोगरे होते. दर तीन-चार स्वरांना नवे मुद्रण घ्यावे लागते. पण अशक्य असे त्यात काही नाही.

विस्ताराची दुसरी वाट स्वराची आहे, आणि ती नादाहूनही अधिक दुर्लक्षित आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला जी बंदी केली, आणि जी १९७१ पर्यंत टिकली, तिच्या मुळाशी अन्य कारणांबरोबर हाही आक्षेप होता की पेटीचे स्वर समान अंतरांनी कापलेले असून आपल्या गायनाला ते मानवत नाहीत. आक्षेप निराधार नव्हता. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर पेटीचा आणि कीबोर्डाचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० भागांवर असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप प्रकट होणारा स्वयंभू गांधार मात्र ३८६ वर असतो. हा चौदा भागांचा फरक गझलेच्या शांत बैठकीत, जेव्हा गायक गांधारावर थांबतो आणि कीबोर्डवाला तोच स्वर धरून ठेवतो, तेव्हा कानाला स्पष्ट बोचतो. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी घडवून या व्यथेवर लाकूड आणि पितळ यांच्या साहाय्याने उपाय केला. कीबोर्डात तोच उपाय पुष्कळदा आधीपासून दडलेला असतो: ‘स्केल ट्यून’ नावाच्या कप्प्यात जावे, गांधार १४ भागांनी आणि धैवत १६ भागांनी उतरवावा, निषाद १२ भागांनी, आणि ती मांडणी जपून ठेवावी. काळी एक हा षड्ज असेल तर गांधार कोणत्या पट्टीवर येतो हे तेवढे ध्यानात ठेवावयाचे, आणि राग बदलला की मांडणीही बदलावयाची. गझलगायक भीमराव पांचाळे यांच्या आणि गझलकार सुरेश भटांच्या अमरावती जिल्ह्यात गझल गाणाऱ्यांची कमतरता नाही. त्यांच्या साथीदारांनी एक रात्र या कप्प्यात घालवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता शरीराविषयी, कारण स्मृती कितीही वाढविली तरी पट्टीच वाजेनाशी झाली तर सारे व्यर्थ. कीबोर्डाच्या प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन बुटके उंचवटे असतात आणि त्यांच्या टोकाला कार्बनचा थर; पट्टी दाबली असता एक आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर, आणि त्या दोन स्पर्शांमधील अवधी मोजून यंत्र आघाताचा जोर १ ते १२७ या पायऱ्यांत ठरविते. वऱ्हाडची उन्हाळी धूळ आणि हंगामात हवेत तरंगणारा कापसाचा तंतू रबर आणि त्याखालची पाटी यांच्या मध्ये शिरला की एखादी पट्टी मुकी होते किंवा हळू दाबूनही किंचाळते. उपाय सोपा आहे. कीबोर्ड उघडून रबर आणि त्याखालची पाटी शुद्ध अल्कोहोलने पुसावी, थर झिजला असेल तर रबराची पट्टी बदलावी. पण हे सुटे भाग मिळण्याची तजवीज कंपन्यांनी तालुक्याच्या गावापर्यंत केलेली दिसत नाही. भात्याचे कातडे फाटले तर पेटी दुरुस्त करणारा गावोगाव सापडे, आणि म्हणून एकेक पेटी दोन पिढ्या चालली. ज्या कंपनीला आपले वाद्य विस्तारक्षम म्हणवून घ्यावयाचे आहे, तिने रबर, अडॅप्टर आणि पडदा हे तीन जिन्नस किमान दहा वर्षे पुरविण्याची लेखी हमी द्यावी, आणि ग्राहकाने ती मागावी.

हमी आणखी एका गोष्टीची हवी. विस्ताराचे नाद आज संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागतात; ते स्थळ बंद झाले, किंवा नव्या यंत्राने जुन्या यंत्राची फाइल नाकारली, तर वादकाने वर्षानुवर्षे जमविलेली दौलत एका दिवसात निकामी होते. कोर्गने प्रोलॉग आणि मिनीलॉग एक्सडी या यंत्रांत स्वर उत्पन्न करणारा भागच त्रयस्थ माणसाला लिहून आत घालता येईल अशी मुभा २०१८-१९ पासून दिली आहे. दार असे उघडे ठेवल्याने कंपनी बुडत नाही, हे त्यावरून दिसते. आपल्या वादकांनी मात्र आपले मूळ मुद्रण साध्या वेव्ह फाइलीत वेगळे जपावे, कारण ती आज कोणत्याही संगणकावर उघडते.

आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडे माझी एक दरख्वास्त आहे. मोझरीच्या परंपरेतील खंजिरी, मेळघाटातील कोरकू बांधवांचे ढोल आणि बासरी, भजनी मंडळांचे टाळ-मृदंग, वऱ्हाडात अजून वाजणारा संबळ आणि डफ, यांचे आघात आणि स्वर जाणत्या वादकांच्या हातून पद्धतशीर मुद्रित करून घ्यावेत, ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतील असे ठेवावेत, आणि त्यासाठी वादकाची लेखी संमती घेऊन त्याला योग्य मानधन द्यावे. या कामाला मोठी इमारत लागत नाही. एक शांत खोली, दोन बरे माइक आणि ज्याला कान आहे असा एक विद्यार्थी पुरे. प्रत्येक फाइलच्या नावातच वादकाचे नाव आणि त्याचे गाव लिहिलेले असावे.