तिचा श्वास, तिच्याच हाती

मैत्रिणींनो, यंदा दिवाळीत आमच्या गोंदियाच्या अंगणात दोरीवर काय वाळत होतं, सांगू? काळा रबरी पोशाख! शेजारच्या काकू फाटकातूनच ओरडल्या, "काऊन व बाई, हे कोणतं भूत टांगून ठेवलं?"

भूत नव्हे, लेकीचा पाण्यात उतरायचा पोशाख तो. तारकर्लीच्या एमटीडीसी केंद्रात ती स्कूबा शिकली. आता मालवणच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन उतरते. तिचं पाण्याखाली जाणं माझ्या जिवाला घोर. पण ती घरी आली की चहाआधी टब मागते.

समुद्राचं पाणी वाळलं की मिठाचे कण राहतात आणि तेच झडपा अडवतात. म्हणून गोड्या पाण्यात सगळं भिजवायचं. हवा पुरवणारा रेग्युलेटर बुडवण्याआधी त्याचं सिलिंडरला जोडायचं तोंड कोरड्या टोपणानं घट्ट बंद करायचं. तोंडात धरायच्या भागाचं बटण पाण्यात दाबायचं नाही, नाहीतर पाणी नळीतून आत शिरतं. हवा भरायच्या जाकिटाच्या आतही गोडं पाणी घालून, हलवून ओतून टाकायचं. आणि वाळवणं सावलीतच, कारण उन्हानं रबर तडकतं.

हे बघून मी उत्साहानं शिवणयंत्राचं तेल घेऊन धावले. तिनं हातच धरला. "आई, ते नको! सिलिंडरमध्ये दोनशे बार दाब असतो, कारच्या चाकातल्या हवेच्या ऐंशी-नव्वदपट. तिथं असलं तेल धोक्याचं." बाहेरच्या रबरी कड्यांना नावापुरतं सिलिकॉनचं ग्रीस, बस. रेग्युलेटर ती घरी कधीच उघडत नाही. कंपनीनं ठरवलेल्या मुदतीत तो शिकलेल्या कारागिराकडेच जातो.

मला हेच भावलं. रोजची निगा स्वतः राखायची, पण कुठं थांबायचं तेही कळलं पाहिजे. आपलं मात्र उलटंच. कुकर आपण रोज घासतो, पण शिट्टीचं भोक उजेडाला धरून बघत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर 'चालतंय' म्हणून ढकलतो. गॅसची नळी कडक झाली तर 'हे' येतील तेव्हा बघतील! वापरणाऱ्या आपण, मग तपासायचं दुसऱ्यानं का?

आमच्या तळ्यांच्या जिल्ह्यात ढिवरांच्या बाया जाळं वाळवताना फाटलेली जागा लगेच शोधतात. त्यांना कोणी शिकवायला येत नाही, कारण पोट त्याच जाळ्यावर. लेकीचा तर श्वासच त्या नळीवर.

पोरींना वस्तू घेऊन देता ना? मग ती धुवायला, तपासायलाही शिकवा. माझा घोर संपला नाही, पण टबाशी बसलेली लेक पाहिली आणि त्या रात्री मला झोप लागली.