तराजू धरलेले पान

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, की राळेगावच्या बाजारात कापसाची वर्दळ वाढू लागते. यवतमाळ जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी आज विकावे की थांबावे, हा प्रश्न त्या दिवसांत शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या घरी सारख्याच काळजीने विचारला जातो. अशाच एखाद्या अडत्याच्या घरातील प्रसंग वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. नागपूरला शिकणारी नात सुटीसाठी घरी आली आहे. तिच्या पिशवीतून ७८ चित्रमय पानांचा एक कॅट बाहेर निघतो आणि आजोबांच्या कपाळावर आठी उमटते.

“घरात पत्ते कशाला आणलेस गं?”

“आजोबा, हे जुगाराचे पत्ते नाहीत. याला टॅरो म्हणतात. मला शिकायचे आहे. कोणते पुस्तक घ्यावे, तेवढे मात्र ठरत नाही.”

“शिकून काय करणार?”

“लोक प्रश्न विचारतील, त्यांना उत्तरे देईन.”

“आणि उत्तर चुकले, तर नुकसान कोणाच्या नावे मांडायचे?”

नात गप्प होते. तिने पुस्तकाविषयी विचारले होते आणि आजोबांनी जबाबदारीविषयी. परंतु योग्य पुस्तक निवडण्याची कसोटी आजोबांच्या प्रश्नातच आहे. शिकणाऱ्याचा विवेक जे जागा ठेवते, ते पुस्तक घ्यावे. जे निर्णयाचा भार पानांवर टाकायला शिकवते, ते दुकानातच राहू द्यावे.

आजोबांची आठी अकारण नाही. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे आणि जैन घरात पत्त्यांविषयीचा संकोच तेथूनच आला आहे. टॅरोचा जन्मही खेळ म्हणूनच झाला, हे येथे सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथील सरदार घराण्यांत, ही पाने खेळली जात. सावंतवाडीच्या गंजिफ्यात दशावताराचे दहा रंग आणि १२० गोल पाने असतात. टॅरोमध्ये चार रंगांची ५६ आणि विशेष चित्रांची २२ अशी ७८ पाने असतात. सावंतवाडीप्रमाणेच तेथेही चित्रकाराने ती रंगवावी आणि मंडळींनी खेळावी, एवढाच हेतू होता.

पुढे १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द झेबलँ या विद्वानाने ही पाने म्हणजे प्राचीन मिसर देशाच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ होय, असे लिहिले. त्या काळी मिसरची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोलियों यांनी ती उलगडली ती १८२२ मध्ये. झेबलँच्या विधानाला पुरावा नव्हता आणि पुढेही तो सापडला नाही. तरी ते विधान लोकप्रिय झाले. त्यापाठोपाठ एतेला या टोपणनावाच्या फ्रेंच गृहस्थाने पानांवरून भविष्य सांगण्याची पद्धत ग्रंथरूपाने छापली आणि खेळाची पाने भविष्याच्या बाजारात आली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० मध्ये टॅरोच्या खेळावर मोठा ग्रंथ लिहून हा इतिहास पुराव्यानिशी मांडला.

पुस्तक निवडताना पहिली पारख यावरून करता येते. टॅरोच्या उगमाविषयी पुस्तक काय म्हणते, ते आधी पाहावे. मिसरची कथा ते सिद्ध सत्य म्हणून सांगत असेल, तर पहिल्याच पानावर मापात खोट आहे. ज्याचे वजनमाप आरंभीच चुकते, त्याच्याशी पुढचा व्यवहार कोणता व्यापारी करील?

दुसरी पारख संचाची. टॅरोचे संच अनेक आहेत, आणि एका संचाचे पुस्तक दुसऱ्या संचाला लागू पडेलच असे नाही. आज सर्वांत अधिक प्रचारात असलेला संच १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढला. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. कष्ट तिचे, परंतु कित्येक वर्षे संच ओळखला गेला तो प्रकाशकाच्या आणि वेट यांच्या नावाने. मोबदला अगदी थोडा मिळाल्याचे तिने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. १९५१ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या डोक्यावर कर्ज होते.

या संचातील नाण्यांची छक्की व्यापारी घराने अवश्य पाहावी. एक श्रीमंत व्यापारी उभा आहे. त्याच्या एका हाती तराजू आहे आणि दुसऱ्या हाताने तो नाणी देत आहे. पायांशी दोन याचक गुडघे टेकून बसले आहेत. एकाच्या हाती नाणी पडत आहेत, दुसरा वाट पाहत आहे. फ्रान्सच्या जुन्या मार्सेय संचातील छक्कीवर मात्र केवळ सहा नाणी आहेत. तेथे व्यापारी नाही, तराजू नाही आणि याचकही नाहीत. अलिस्टर क्रौली यांच्या थॉथ संचात त्याच पानावर ‘यश’ या अर्थाचा शब्द छापलेला आहे. क्रमांकांतही फरक आहे. जुन्या संचात न्यायाचे पान ८ वे आणि बळाचे ११ वे; वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. म्हणून हाती जो संच आहे त्याचे नाव पाहून, त्याच संचावर लिहिलेले पुस्तक घ्यावे. वेट यांच्या संचासाठी त्यांचे स्वतःचे ‘द पिक्टोरियल की टू द टॅरो’ हे १९११ चे पुस्तक आहे. ते चित्रांचा हेतू सांगते, परंतु त्याची भाषा गूढ आणि अर्थ त्रोटक आहेत. त्याच परंपरेतील रेचेल पोलॅक यांचे ‘सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विस्डम’ १९८० आणि १९८३ मध्ये दोन भागांत निघाले. ते एकेका चित्रापाशी थांबून विचार करायला लावते. मेरी ग्रीअर यांच्या १९८४ च्या ‘टॅरो फॉर युवर सेल्फ’मध्ये वाचकाने स्वतःच्या मनाचा शोध घेण्यासाठी लेखनाचे पाठ दिले आहेत.

तिसरी पारख सर्वांत महत्त्वाची, आणि त्यासाठी पुन्हा त्याच छक्कीकडे वळावे. एखादे पुस्तक तिच्याखाली “धनलाभ होईल” असे लिहून मोकळे होते. दुसरे पुस्तक विचारते, “या तिघांपैकी आज तुम्ही कोण आहात? देणारे, घेणारे, की वाट पाहणारे? दान देताना हाती तराजू का आहे? ती न्यायाची खूण, की उपकार मोजण्याची सवय?” पहिल्या पुस्तकाने मनात आशा पेरली आणि विचार थांबवला. दुसऱ्याने दानाच्या मागचा भाव तपासायला लावला. दान देताना मानकषाय जागा होतो का, हे स्वतःला विचारणारा वाचक त्या चित्रापासून काही घेऊन उठतो.

या भेदाचे जैन परंपरेला नवल नाही. निमित्तशास्त्र तिला परके नव्हते. अष्टांग निमित्ताची गणना ग्रंथांत आहे. आचार्य भद्रबाहूंनी बारा वर्षांच्या दुष्काळाचे निमित्त ओळखून संघाला दक्षिणेकडे नेले, असे दिगंबर परंपरा सांगते. ‘अंगविज्जा’ हा प्राकृत ग्रंथ मुनी पुण्यविजयजींनी संपादित केला आणि प्राकृत टेक्स्ट सोसायटीने तो १९५७ मध्ये प्रकाशित केला. ज्ञान जतन झाले. त्यावर उपजीविका करणे मात्र साधूला वर्ज्य ठरले. उत्तराध्ययनसूत्राच्या आठव्या अध्ययनात लक्षण, स्वप्न आणि अंगविद्या यांचा प्रयोग करणाऱ्यांना श्रमण म्हणू नये, असा स्पष्ट निर्णय आहे. लाभ वाढतो तसा लोभ वाढतो, हे सांगणारे कपिलाचे अध्ययन तेच. श्रावकांसाठी आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात वराच्या आशेने रागद्वेषयुक्त देवतांच्या मागे लागण्याला देवमूढता म्हटले. देवतेविषयी जो नियम, तो छापील पानाला किती अधिक लागू पडेल, हे वेगळे सांगायला नको.

निमित्त आणि उपादान यांतील भेद स्वाध्यायाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर असतो. टॅरोचे पान फार तर निमित्त होईल. परिणाम घडतो तो आपल्याच भावांतून आणि कर्मांतून. जे पुस्तक पानालाच कर्ता ठरवते, ते वाचकाला दुबळे करते.

टॅरो म्हणजे स्वाध्याय नव्हे, हे खरे. पण कोणत्याही अभ्यासाची शिस्त कशी असावी, हे तत्त्वार्थसूत्राने सांगितलेल्या स्वाध्यायाच्या पाच प्रकारांवरून शिकता येते. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश, असा तो क्रम आहे. आधी वाचावे, शंका विचारावी, चिंतन करावे, पुन्हा पुन्हा घोकावे. दुसऱ्याला सांगणे सर्वांत शेवटी. एका आठवड्यात इतरांचे भविष्य सांगायला शिकवण्याचे आश्वासन देणारे पुस्तक हा क्रमच उलटा करते.

आणि एक पुस्तक असे आहे, जे विकत मिळत नाही. ते स्वतःच लिहावे लागते. व्यापारी घरातील मुलांना रोजमेळ नवा नाही. नातीने एक कोरी वही घ्यावी. तारीख घालून पान लिहावे, मनात आलेला अर्थ लिहावा, आणि पुढे जे प्रत्यक्ष घडले तेही लिहावे. खरे ठरले ते जमेला, चुकले ते नावे. चुकलेली नोंद खोडू नये. तीन महिन्यांनी ताळा मांडला, की पानांनी किती सांगितले आणि मनाने किती जोडले, हे कोणाच्याही उपदेशाविना कळेल. वहीत खोटे लिहायचे नाही, हा संस्कार येथेही उपयोगी पडतो.

आता त्या घरात पुन्हा डोकवावे. आजोबांनी नातीला पुस्तक घेऊ दिले आहे; अट एकच, घरात या पानांवर पैसा खेळायचा नाही आणि त्यांवरून पैसा घ्यायचाही नाही. काही दिवसांनी ओळखीचे एक शेतकरी काका ओसरीवर येतात. नात पत्ते वाचते, हे त्यांच्या कानावर आले आहे.

“ताई, घरात कापूस भरून आहे. विकू की थांबू? जरा पान काढून सांग.”

नातीचा हात क्षणभर पिशवीकडे जातो. काकांच्या वर्षभराच्या कष्टाचा आणि कदाचित कर्जाच्या हप्त्याचा प्रश्न आहे. “नुकसान कोणाच्या नावे मांडायचे?” हे आजोबांचे शब्द तिला आठवतात.

“काका, हे पानाला कळत नाही. आजोबांना विचारू या.”

आजोबा कापसाचा नमुना मागवतात, बोटांनी धागा ओढून लांबी पाहतात, ओलावा मोजायला सांगतात. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून अधिक ओला माल नाकारला जातो, हे ते काकांना समजावून सांगतात. पुढचा भाव कोणालाच ठाऊक नाही, हेही सांगतात. काकांची गरज किती, उसनवार किती, माल ठेवायला कोरडी जागा आहे का, हे विचारतात. निर्णय काकांचाच राहतो. पण आता तो माहितीवर उभा आहे.

रात्री प्रतिक्रमण झाल्यावर नात आपली वही उघडते. त्या दिवशीच्या तारखेखाली ती लिहिते, “आज पान काढले नाही.” आजोबा चष्म्यातून ती ओळ वाचतात आणि म्हणतात, “ही नोंद जमेच्या बाजूला घे, बाळ.”