छोट्या खोलीत मॉनिटर घ्यावा की टीव्ही? जीएसटी कपातीनंतरचा खरा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्ही आणि मॉनिटरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत हे ठरलं आणि तेव्हापासून जाहिरातींचा सूर एकच आहे: कर कमी झालाय, आता मोठा टीव्ही घ्या. मित्रमंडळी आणि नातेवाईक मलाही विचारतात, "४३ घेऊ की सरळ ५५?" मी बोरिवली पश्चिमेला गोराईत राहतो. आमच्याकडे हा प्रश्न आधी भिंतीला विचारावा लागतो.

गोराई म्हटलं की बऱ्याच जणांना खाडीपलीकडचं गाव, समुद्रकिनारा आणि विपश्यना पॅगोडा आठवतो. मी बोलतोय ते खाडीच्या अलीकडच्या म्हाडा वसाहतीबद्दल. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप आणि गोराईत छोटे भूखंड आखून दिले गेले, आणि लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यावर घरं बांधली, मजले चढवले. त्यामुळे खोली साधारण दहा फूट रुंद. एका भिंतीला दिवाण, समोरच्या भिंतीला टीव्ही, कोपऱ्यात अभ्यासाचं टेबल आणि मध्ये कपाटाचं दार उघडायला जेमतेम जागा. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांनाही हे चित्र ओळखीचं वाटेल.

अशा घरात या करकपातीचा उपयोग किती, आणि मर्यादित पैशात मॉनिटर घ्यावा की टीव्ही, ते आकडे मांडून बघू.

कपात कोणाला मिळाली?

पहिली गोष्ट, कर १० टक्क्यांनी कमी झाला म्हणजे किंमत १० टक्क्यांनी कमी झाली असं होत नाही. करापूर्वी २०,००० रुपयांचा टीव्ही आधी २५,६०० ला पडायचा, आता २३,६०० ला. म्हणजे २,००० रुपये वाचले, जुन्या किमतीच्या साधारण ७.८ टक्के. चांगलंच आहे, पण जाहिरातीत वाटतं तेवढं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ३२ इंच आणि त्याखालच्या टीव्ही आणि मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे. म्हणजे २४ इंची गेमिंग मॉनिटर, २७ इंची मॉनिटर, ३२ इंची टीव्ही, आपल्या खोलीत सहज मावणाऱ्या या सगळ्या स्क्रीनसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये काहीच बदललं नाही. '२७ इंची मॉनिटरवर जीएसटी बचत' असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर ती सूट दुकानाची किंवा कंपनीची आहे, कराची नाही. अशी सूट घ्यायला हरकत नाही, फक्त आधीच्या किमतीशी ताडून बघा.

३२ इंची टीव्ही मागे का राहिला?

जवळपास पावणेसात वर्षं ३२ इंच ही कराची सीमारेषा होती. त्या काळात ३२ इंची टीव्ही म्हणजे 'स्वस्तातला टीव्ही' हे समीकरण घट्ट झालं. आजही या आकाराचे बहुतेक टीव्ही एचडी रेडी असतात, म्हणजे १३६६ × ७६८ पिक्सेल आणि ६० हर्ट्झ. चांगलं पॅनल, चांगला प्रोसेसर, जास्त पोर्ट हे सगळं कंपन्या मोठ्या आकारात देतात, कारण नफा तिथे आहे. मॉनिटरचं उलट झालं. २४ आणि २७ इंचांतच स्पर्धा असल्याने १४४ आणि १८० हर्ट्झचे मॉनिटर सामान्य बजेटमध्ये आले.

यात आता मेमरीची भर पडली आहे. एआय सर्व्हरची मागणी वाढल्याने २०२५ च्या शेवटी मेमरी चिपच्या किमती जोरात चढल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा 'क्रूशियल' हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. टीव्हीचं पॅनल आपण मुख्यतः आयातच करतो, त्यामुळे रुपया घसरला की टीव्ही आणि मॉनिटर दोघांनाही फटका बसतो. पण स्मार्ट टीव्हीत त्याशिवाय रॅम आणि स्टोरेज लागतं, साध्या मॉनिटरला तसं काही लागत नाही. म्हणून स्वस्त स्मार्ट टीव्हीत कंपनी कुठे काटकसर करेल याचा अंदाज बांधायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. १ जीबी रॅमचा टीव्ही दोन वर्षांत ॲप उघडायला रडतो.

आधी अंतर मोजा

मीटर टेप घ्या आणि बसल्यावर डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत किती अंतर पडतं ते मोजा. आमच्या खोलीत दिवाणावर टेकून बसलं की समोरची भिंत साधारण ६ फुटांवर, म्हणजे १.८ मीटरवर येते. टेबलावर बसलं की स्क्रीन ६० ते ७० सेंटिमीटरवर असते. या दोन अंतरांसाठी दोन वेगळे हिशोब आहेत.

चित्र नजरेत आरामात भरावं, पण मान फिरवावी लागू नये, यासाठी ३० अंशांचा कोन हा प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार अंतर म्हणजे स्क्रीनच्या रुंदीच्या साधारण १.९ पट. ४३ इंची स्क्रीन ९५ सेंटिमीटर रुंद असते, तिला १.८ मीटर लागतात. ३२ इंचीला १.३ मीटर, २७ इंचीला १.१ मीटर. टेबलावर आपण याहून जवळ बसतो, कारण तिथे स्क्रीनच्या एकेका भागाकडे बघत काम करतो. पण ४३ इंची टीव्ही टेबलावर ठेवून ६० सेंटिमीटरवरून खेळायचं म्हटलं तर नकाशा एका कोपऱ्यात, हेल्थ बार दुसऱ्या कोपऱ्यात आणि मान दोन्हीकडे.

आता स्पष्टपणाचं बघू. निरोगी डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो १.८ मीटरच्या पुढे वेगळा दिसत नाही. २४ इंची फुल एचडीचे पिक्सेल साधारण ९५ सेंटिमीटरवर एकमेकांत मिसळतात, २७ इंची क्यूएचडीचे ८० सेंटिमीटरवर आणि ४३ इंची ४केचे ८५ सेंटिमीटरवर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सहा फुटांवरून मालिका आणि बातम्या बघायला जुना ३२ इंची टीव्हीही पुरेसा स्पष्ट आहे. चित्र मोठं हवं असेल तर ४३ घ्या, तो वेगळा मुद्दा. पण तोच ३२ इंची टीव्ही टेबलावर आणून कॉम्प्युटरला जोडलात, तर मराठी मजकुरातले अनुस्वार, रफार आणि वेलांट्या फुटलेल्या दिसतील. जास्त पिक्सेलसाठी दिलेल्या पैशाचं मोल जवळून बघताना मिळतं. कर आणि जाहिराती मात्र आपल्याला लांबच्या स्क्रीनवर खर्च करायला सांगतात.

गेमिंगसाठी काय बघायचं?

६० हर्ट्झवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १२० वर ८.३ आणि १८० वर ५.६ मिलिसेकंदांनी. शूटिंग गेम आणि रेसिंगमध्ये हा फरक हाताला जाणवतो. क्रिकेट किंवा कथेवर चालणाऱ्या गेममध्ये ६० पुरतं.

टीव्ही घेत असाल तर 'गेम मोड' आहे का बघा आणि खेळताना तो चालू ठेवा. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्या वेळात बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते. गेम मोड ही प्रक्रिया बरीचशी बंद करतो. 'मोशन रेट १२०' असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर पॅनल १२० हर्ट्झचं आहे असं समजू नका. 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' किती ते विचारा. मॉनिटरच्या '१ एमएस'लाही असंच चाळणीतून घाला, ते जीटीजी आहे की एमपीआरटी हे तपासा. दोन्ही मोजण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना होत नाही.

प्लेस्टेशन ५ असेल तर एक बारकावा. सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून तो १४४०पी देतो, त्यामुळे क्यूएचडी मॉनिटर त्याला चालतो. पण व्हीआरआर, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा वेग जुळवून घेण्याची सोय, त्याला एचडीएमआय २.१ वरच मिळते. बरेच स्वस्त मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर १८० हर्ट्झ देतात आणि एचडीएमआयवर कमी. कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नसतो, म्हणून एचडीएमआयचा आकडा वेगळा बघा.

छोट्या खोलीत कोणी ना कोणी तिरकंच बसलेलं असतं, त्यामुळे मॉनिटर आयपीएस पॅनलचा बरा. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने बघताना रंग उतरतात. आणि २५० ते ३०० निट्सच्या मॉनिटरवर 'एचडीआर' लिहिलेलं असेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मॉनिटरच टीव्ही म्हणून वापरला तर?

वापरता येतो, पण घेण्याआधी चार गोष्टी तपासा. सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआय आहे का? लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा जुना बॉक्स मॉनिटरला थेट लागत नाही. मॉनिटरला स्पीकर आहेत का? नसतील तर हेडफोनचं भोक तरी हवं, तिथे स्पीकर जोडता येतो. एचडीएमआय पोर्ट दोन आहेत का? बॉक्स आणि कन्सोल रोज अदलाबदल करून पोर्ट ढिला होतो. आणि मागे भिंतीच्या ब्रॅकेटसाठी १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिलिमीटरची भोकं आहेत का? टेबलाची जागा वाचवायची तर ती हवीतच. रिमोट बहुतेक मॉनिटरला नसतो, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.

२५ हजारांत मी काय करेन?

हा प्रश्न आमच्या घरात सध्या खराच चालू आहे. बाबा निवृत्त झालेत, त्यामुळे २५ हजार म्हणजे एकदाच होणारी आणि पाच-सात वर्षं पुरवायची खरेदी. धाकट्या भावाला कॉलेजच्या प्रोजेक्टला आणि गेमिंगला स्क्रीन हवी आहे. आईचा टीव्ही सात ते दहा तिचा असतो, दिवसभरात तेवढाच तिचा निवांत वेळ. घरात एकच नवा मोठा टीव्ही आणला तर रोज संध्याकाळी कोणाला तरी उठावं लागेल आणि बहुतेक घरांत ती आईच असते. कुठल्याच स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात ही ओळ नसते, पण छोट्या घरात हीच सगळ्यात मोठी अट आहे.

हा लेख लिहिताना ऑनलाइन दिसलेल्या किमती साधारण अशा: २४ इंची फुल एचडी १८० हर्ट्झ मॉनिटर १० हजारांच्या आसपास, २७ इंची क्यूएचडी १६ ते २२ हजार, ४३ इंची ४के टीव्ही २२ ते ३० हजार, स्ट्रीमिंग स्टिक ३ ते ५ हजार.

जुना टीव्ही चालू असेल, तर तो बदलू नका. त्याला स्टिक लावा, म्हणजे हळू झालेल्या ॲपचा त्रास संपेल. उरलेल्या पैशात टेबलासाठी मॉनिटर घ्या, संगणक किंवा कन्सोल क्यूएचडी झेपवणारा असेल तर २७ इंची, नाहीतर २४ इंची फुल एचडी. २७ इंचांत फुल एचडी मात्र टाळा, जवळून अक्षरं जाड दिसतात. आमच्या घरीही मी हाच पर्याय सुचवला आहे.

टीव्ही बंदच पडला असेल आणि घरात एकच स्क्रीन परवडणार असेल, तर गेम मोड असलेला ४३ इंची ४के टीव्ही घ्या, पण बसण्याचं अंतर दीड मीटरपेक्षा जास्त असेल तरच. इथे करकपातीचा फायदाही मिळेल. खेळणाऱ्याला १२० हर्ट्झ सोडावे लागतील, घरातल्या बाकीच्यांना काही सोडावं लागणार नाही.

एकटे भाड्याच्या खोलीत राहत असाल आणि टेबल आणि पलंग शेजारीशेजारी असतील, तर २७ इंची आयपीएस मॉनिटर आणि स्टिक यात काम आणि सिनेमा दोन्ही भागतं. सारखं घर बदलणाऱ्याला तो हलवायलाही सोपा.

५५ इंचाचा मोह होत असेल तर एक सोपा उपाय करा. वर्तमानपत्राचे कागद जोडून भिंतीवर १२२ × ६८ सेंटिमीटरचा आयत चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. कपाटाचं दार उघडतं का, खिडकीचा उजेड कुठे पडतो ते दिसेल. खोकं यापेक्षाही मोठं येतं, आणि टीव्ही आडवा झोपवून नेऊ नये असं कंपन्याच सांगतात, तेव्हा वरच्या मजल्यावर जाणारा जिनाही मोजून घ्या. पैसे भरायच्या आधी खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आणि मॉनिटर असेल तर बिघडलेल्या पिक्सेलबद्दल कंपनीचं धोरण काय आहे, एवढं वाचा.