पक्के घर

दसऱ्याच्या दिवशी आमच्या दारात जे पडते ते वर्तमानपत्र नसतेच. पहिली तीन-चार पाने उलटली तरी इमारतीच इमारती; बातमी बिचारी कुठेतरी पाचव्या पानावर पोटभाडेकरूसारखी अंग चोरून बसलेली. यंदाही चहाचा कप हाती घेऊन मी ती शोधत होतो, तोच भाचा दारात उभा राहिला. त्याच्याही काखेत तेच वर्तमानपत्र होते.

“मामा, घर घेतोय!”

हा भाचा डोंगरकड्याचा. माझी थोरली बहीण तिथे दिलेली. नांदेडहून हिंगोलीकडे निघाले आणि अर्धापूर मागे टाकले की हे गाव लागते; तालुका कळमनुरी. सारा मुलूख केळीचा आणि हळदीचा. आठ वर्षांपूर्वी देवगिरी एक्स्प्रेसने तो नोकरीसाठी इकडे आला आणि आमच्या डोंबिवलीतच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिला. अकरा महिने झाले की करार नवा, भाडे नवे आणि कधीकधी घरही नवे! भाचेसून म्हणते, “मामंजी, माझ्या भांड्यांना पोचे पडलेत ते स्वयंपाकानं नव्हेत, टेंपोनं.”

जाहिरात मी चष्मा लावून वाचली. स्वयंपाकघर सजवून फुकट, वर सोन्याचे नाणे आणि ‘जीएसटी माफ’. जागा कल्याणच्याही पुढे, किंमत तेहतीस लाख.

“इमारत पुरी झाली आहे का?” मी विचारले.

“हो, दाखलाही मिळालाय.”

“मग माफी कसली? पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो कर मुळातच लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या लहान, पंचेचाळीस लाखांच्या आतल्या घरालासुद्धा २०१९ पासून एकच टक्का आहे. जे देणे नव्हतेच, ते माफ केले म्हणायचे!”

सौ. आतून म्हणाल्या, “आणि नाण्याचे पैसे किमतीत धरलेले नसतील कशावरून?” बायकांना हिशेब चटकन कळतो. साडीच्या दुकानात त्यांचे शिक्षण झालेले असते.

पण भाच्याचा खरा हुकमाचा पत्ता वेगळाच होता. सप्टेंबर २०२४ पासून पंतप्रधान आवास योजनेचा शहरांसाठी दुसरा टप्पा सुरू झाला आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांच्या आत, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असेल, तर सरकार व्याजापोटी जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांनी देते. सवलत खरी आहे, चांगली आहे, आणि गरजू माणसाने ती अवश्य घ्यावी. भाचा साऱ्या अटींत बसत होता. एक सोडून.

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. जागेच्या दलालाने टाईप करून दिलेले प्रतिज्ञापत्र होते. माझ्या अगर माझ्या कुटुंबातील कोणाच्याही नावे भारतात कुठेही पक्के घर नाही, अशा अर्थाचा मजकूर. खाली सहीची जागा कोरी.

येथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. डोंगरकड्याचे घर वडिलांच्या नावे असते, तर प्रश्न नव्हता. पण वडील वारले, आणि चार वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर भाच्याचेच नाव लागले.

“दलाल म्हणतो, गावाकडचं कोण बघायला येतंय?” भाचा खाली मान घालून म्हणाला.

वाचकहो, खोटे कशाला सांगू? क्षणभर माझ्याही मनात आले, करू दे सही. एक लाख ऐंशी हजार म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. पण भाचेसुनेची पोचे पडलेली भांडीही डोळ्यांसमोर होती. मी गप्प बसलो. आणि माझे हे गप्प बसणे पाहून सौ.नी सरळ डोंगरकड्याला फोन लावला.

ताईने सारे ऐकून घेतले. मग विचारले, “काय म्हणून लिहून देतो म्हणतोस?”

“घर नाही म्हणून.”

“अन् मी कुठं बसले रे मग?”

भाचा काही बोलेना. ताईचा आवाज खाली आला. “तुझ्या बापानं तीन हंगामांची हळद इकून हा स्लॅब टाकला. पैशे कमी पडतेत तर सांग, दोन डाग मोडू. पण हे घर नाही, असं लिहू नको बाप्पा.”

फोन बंद झाला. भाच्याने कागदाची घडी केली आणि पुन्हा खिशात घातली. मला मात्र त्याच्याकडे पाहवेना. तो तिशीतला, त्याची चूक समजण्यासारखी होती. मी तर मामा!

मग आम्ही तिघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १ लाख ८० हजार म्हणजे वर्षाला छत्तीस हजार, महिन्याला तीन हजार. नवी जागा स्टेशनापासून लांब. जाण्यायेण्याला रिक्षाचे माणशी साठ रुपये. नवराबायको दोघे नोकरीची, महिन्याचे दिवस पंचवीस. बेरीज? बरोबर तीन हजार! सरकार देणार ते रिक्षा नेणार. आणि सरकारचे देणे पाच वर्षांनी थांबेल, रिक्षाचे थांबणार नाही.

पुढे सोमवार आला. सकाळी आठ वाजता मी भाच्याला ती जागा पुन्हा पाहायला धाडले. जागा रविवारी दुपारी पाहू नये. तेव्हा सारे जग रिकामे असते. पाणी किती वाजता येते, हे दलालाला विचारू नये. तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचारावे. आणि इमारत नवी असेल तर महारेराचा क्रमांक तपासावा. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक पैसे बिल्डरला मागता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

भाचा परतला तो नाण्याचे नाव न काढता.

आता आमच्याच गल्लीमागे, जुन्या सोसायटीत, एक खोली कमी असलेली जागा तीस लाखांना ठरली आहे. स्टेशन पायी दहा मिनिटे. खरेदीखत एकट्या भाचेसुनेच्या नावे व्हायचे आहे. बाईच्या नावे घर घेतले की महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. म्हणजे तीस हजार वाचणार, आणि त्यासाठी कुणाला नाकारावे लागणार नाही.

दिवाळीला दोघे डोंगरकड्याला चालली आहेत. सौ.नी चिवड्याचा डबा बांधून दिला. तो घेताना भाचेसून म्हणाली, “मामी, आता डबा परत द्यायला फार लांब यावं लागणार नाही हं!”

तो कोऱ्या सहीचा कागद तेवढा भाचा माझ्या टेबलावर विसरून गेला आहे. विसरून, की मुद्दाम, कोण जाणे! मी तो फाडलेला नाही. पाठकोरा आहे, त्यावरच हा मजकूर लिहिला.